रिस्पेक्टेबल घराची चौकशी

चौकशीकाका माणसांना सहसा रिस्पेक्टेबल म्हणत नसत. भाजीला म्हणत. लखनौत, सरोजिनी नगरच्या बाजारात एखादं वांगं उलटंपालटं करायचे, देठाशी बोट दाबायचे आणि भाजीवाल्याकडे न बघता मला सांगायचे, "हे रिस्पेक्टेबल आहे." एक मच्छरदाणी, पावसाळी चपलांचा एक जोड आणि मागच्या दाराचं कुलूप यांनाही हा मान मिळालेला होता. माणसांचा विषय निघाला की मात्र ते म्हणत, "बघावं लागेल."

माझ्याबद्दलही त्यांना बघावं लागलं होतं. मी अकोल्याची. अमौसीला विमानतळावर एका विमान कंपनीच्या काउंटरवर नोकरी लागली आणि खोली शोधत त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. वरची खोली रिकामी होती. काकांनी माझं नाव, गाव विचारलं, पाणी दिलं आणि आठवड्यानं यायला सांगितलं. त्या आठवड्यात अकोल्याला आमच्या शेजारच्या बाईंना, माझ्या शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि आम्ही जिथे दळण टाकतो त्या गिरणीवाल्याला लखनौहून फोन गेले. गिरणीवाला माझ्या आईला म्हणाला, पोरगी कुठे पोलिसात लागली का? "खोली तुझी," काका नंतर म्हणाले. "तुझ्याबद्दल वाईट कुणी बोललं नाही. पण रिस्पेक्टेबल म्हणायची घाई नको."

चौकशीकाका हे नाव लखनौतल्या मराठी लोकांनी पाडलं होतं. काका बँकेतून निवृत्त झालेले. नोकरीत असताना कर्ज मागणाऱ्याचं घर-दुकान बघून यायचं काम त्यांच्याकडे असे, ती सवय अंगात मुरली होती. निवृत्तीनंतर तीच नजर त्यांनी लग्नाच्या स्थळांकडे वळवली. सांगली, नाशिक, नागपूर इथल्या कुणाला मुलीसाठी लखनौतलं स्थळ सांगून आलं, मुलगा इथे बँकेत असला किंवा एअर फोर्समध्ये असला, की त्या घरचा कुणीतरी दुसऱ्या कुणाकडून काकांचा नंबर मिळवायचा. पलीकडून आवाज यायचा, "लखनौचे चौकशीकाका का?" काका म्हणायचे, "बोला." आपलं खरं नाव ते कधी सांगत नसत. चौकशी करणाऱ्याचं नाव कळलं की लोक त्याचीच चौकशी करायला लागतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांची पद्धत ठरलेली होती. पायात बूट, अंगात इस्त्रीचा बुशशर्ट, हातात कापडी पिशवी आणि पिशवीतून बाहेर डोकावणारी कोथिंबिरीची जुडी. कोथिंबीर घेऊन चाललेल्या माणसावर कुणी संशय घेत नाही म्हणे. आधी आजूबाजूच्या तिघांना विचारायचं आणि मग भर दुपारी, न सांगता, त्या घराची बेल वाजवायची. पत्ता चुकला म्हणून सांगायचं, पाणी मागायचं, तेवढ्यात बघायचं ते बघून घ्यायचं. तिघांची उत्तरं थोडी वेगवेगळी आली की काका खूश असत. तिघांनी एकच गोष्ट एकाच शब्दांत सांगितली की ते मान हलवत. "शिकवलेलं आहे," म्हणत. "ते घर धरू नका."

मी एकदा विचारलं, काका, रिस्पेक्टेबलला मराठीत शब्द नाही का? "आहेत की," ते म्हणाले, "सगळे वापरून झालेत." मग चहा पिता पिता त्यांनी मला एकेक शब्द काढून दाखवला. प्रतिष्ठित म्हणजे ज्याचं नाव मंडळाच्या गणपतीच्या बॅनरवर असतं तो. घरंदाज हा शब्द बाईच्या पदराकडे बघून देतात, घराकडे कुणी बघत नाही. सभ्य म्हणजे हळू बोलणारा. आणि लखनौचं शरीफ तर इतकं स्वस्त की बसमध्ये त्यांचा खिसा कापला गेला तेव्हा शेजारचा प्रवासी हळहळत म्हणाला होता, देखने में तो शरीफ़ लग रहा था. म्हणून काकांनी आपल्यापुरता इंग्रजी शब्द राखून ठेवला होता. त्याचा अर्थही त्यांनीच ठरवला होता. न सांगता गेलं तरी जे घर तसंच असतं, ते घर रिस्पेक्टेबल.

हा शब्द त्यांनी आयुष्यात एकाच घराला दिला होता. इंदूरच्या. ते घर त्यांच्या मुलीसाठी, नीलूसाठी सांगून आलं होतं. काकू तेव्हा नुकत्या गेल्या होत्या, त्यामुळे सगळं काकांनाच बघायचं होतं. ते स्वतः इंदूरला गेले, कोथिंबीर घेऊन. न सांगता दुपारी बेल वाजवली. घर स्वच्छ होतं, पाणी गाळून दिलं, माणसं हळू आवाजात बोलत होती. काका परत आले आणि म्हणाले, "रिस्पेक्टेबल." नीलूताईनं लग्न केलं. पुढे तिथली माणसं आणखी हळू बोलायला लागली आणि मग तिच्याशी कुणी बोलेचना. नवरा महिना महिना एक शब्द काढत नसे. मारहाण नाही, भांडण नाही, लोकांना सांगावं असं काही नाहीच. दोन वर्षांनी ती बॅग घेऊन लखनौला परत आली, आणि त्यानंतर रीतसर घटस्फोट झाला.

काकांनी गल्लीत सांगितलं की जावई कंपनीतर्फे कॅनडाला गेलेत.

मी राहायला गेले तेव्हा जावयांना कॅनडात जाऊन बराच काळ झाला होता. कुणीही भेटलं की विचारायचं, "दामाद जी कैसे हैं?" काका म्हणायचे, "ठीक हैं. वहाँ ठंड बहुत है." जूनमध्ये हेच उत्तर दिलं तरी समोरचा माणूस अदबीनं मान डोलावायचा. मराठी मंडळातही तेच. जावई येत का नाहीत, मुलगी तिकडे जात का नाही, हे एकदाही कुणी विचारलं नाही. मला सुरुवातीला ही सगळी माणसं भोळी वाटली.

नीलूताई निशातगंजला एका शाळेत गणित शिकवायची. मेट्रोनं जायची, मेट्रोनं यायची. पुढच्या दारामागे किल्ल्यांच्या शेजारी एक खिळा होता आणि त्या खिळ्याला तिचं मंगळसूत्र अडकवलेलं असे. बेल वाजली की ती ते काढून गळ्यात घालायची आणि दार उघडायची. पाहुणा गेला की परत खिळ्याला. दूधवाल्यासाठीही हेच. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं, दुसऱ्यांदा आलं नाही. "इंदूरला असताना घालत नव्हते एवढं इथे घालते," ती एकदा म्हणाली. मी म्हटलं, नको ना घालूस. ती म्हणाली, "बाबांना शरम माझी नाही गं वाटत. त्यांना त्यांच्या चौकशीची वाटते. मी हे काढलं की ते उघडे पडतात." पण मंडळात हळदीकुंकवाला जाणं तिनं बंद केलं होतं, शाळेतल्या मैत्रिणींना घरी बोलावणंही. तिशी नुकती ओलांडलेली मुलगी शाळा आणि घर सोडून कुठे दिसत नसे. मला तिच्यासाठी फार वाईट वाटायचं आणि काकांचा रागही यायचा.

एका दुपारी मी त्यांच्याकडे डबा परत द्यायला गेले होते. ताई शाळेत होती. काकांना ऐकू कमी यायचं म्हणून फोन कायम स्पीकरवर असे. तो वाजला.

"लखनौचे चौकशीकाका का?"

"बोला."

सांगलीच्या एक बाई होत्या. त्यांचा मुलगा कानपूरला कारखान्यात होता, बायको आजारपणात गेलेली. आता दुसरं लग्न करायचं म्हणत होता. लखनौतली एक मुलगी त्याला पसंत होती, दोघं चार-सहा वेळा भेटले होते. घर कसं आहे, माणसं कशी आहेत, तेवढं बघून सांगाल का? काकांनी मुलीचं नाव विचारलं. बाईंनी नीलूताईचं नाव सांगितलं. मग आडनाव सांगितलं, शाळा सांगितली आणि गल्लीही सांगितली.

काकांचा चेहरा काही बदलला नाही. "मुलीला पसंत आहे?" त्यांनी विचारलं.

"हो हो. तीच तर म्हणाली, घरी इतक्यात सांगायचं नाही."

"अच्छा," काका म्हणाले. "रविवारी फोन करा."

त्यांनी फोन ठेवला. मी म्हटलं, काका, अहो, सांगून टाकायचं ना की ते घर तुमचंच आहे म्हणून! ते म्हणाले, "त्यांनी चौकशी मागितली आहे, ओळख मागितलेली नाही." मग त्यांनी मला बजावलं की नीलूला यातलं काही कळता कामा नये, ज्या घराची चौकशी चालू आहे त्या घराला ते सांगायचं नसतं. मी म्हटलं, पण त्या घरचे तुम्हीच आहात. "म्हणून तर अवघड आहे," ते म्हणाले आणि बूट घालायला वाकले.

मला वाटलं थट्टा आहे. पण काकांनी बुशशर्ट बदलला, फ्रिजमधून कोथिंबीर काढली, पिशवीत नीट उभी केली. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते एकटे रस्त्यावर जात नसत, म्हणून मी सोबत गेले. पहिलं दुकान गुप्ताजींचं, गल्लीच्या तोंडाशी किराणा.

"गुप्ताजी, ज़रा पूछना था. बत्तीस नंबरवाला घर कैसा है?"

गुप्ताजींनी साखर तोलता तोलता वर बघितलं. "बत्तीस नंबर तो आपका है, भाई साहब."

"समझिए कि मेरा नहीं है."

लखनौ सोडून दुसऱ्या कुठल्या गावात दुकानदारानं डॉक्टरला बोलावलं असतं. गुप्ताजींनी तराजू खाली ठेवला, हात पुसले. "बहुत शरीफ़ लोग हैं," ते म्हणाले. "बिटिया पढ़ाती है. दामाद जी कनाडा में हैं."

पुढचं घर पांडेजींचं. ते रेल्वेतून निवृत्त झालेले आणि दुपारी ओट्यावर पेपर वाचत बसलेले. त्यांनीही काकांचा प्रश्न शांतपणे ऐकून घेतला. "बहुत शरीफ़ लोग हैं. बिटिया पढ़ाती है. दामाद जी कनाडा में हैं," ते म्हणाले, आणि थोडं थांबून, आपल्याकडून काही कमी राहू नये म्हणून, "वहाँ बर्फ़ भी पड़ती है."

काकांच्या चालण्यातला जोर कमी झालेला मला जाणवला. तिसरं घर समोरच्या श्रीवास्तव आंटींचं. आंटी दारात मटार सोलत बसल्या होत्या. काकांनी विचारलं. आंटींनी तेच वाक्य सांगितलं, शरीफ, बिटिया, कनाडा. पण त्या तिथे थांबल्या नाहीत. "दिवाली पर तो दामाद जी का फ़ोन भी आया था. मैंने अपने कानों से घंटी सुनी."

"घंटी सुनी?" काकांनी विचारलं.

"हाँ भाई साहब. बाहरवाले फ़ोन की अलग बजती है न. लंबी वाली."

दिवाळीला कुणाचाही फोन आला नव्हता. हे काकांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि आंटींच्या तोंडाकडे बघून ते त्यांनाही माहीत होतं हे मला कळलं. त्या पुन्हा मटार सोलायला लागल्या. काका रस्ता ओलांडून आपल्याच घराच्या पायरीवर बसले. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. "सगळे एकच सांगतायत," ते म्हणाले. आणि मग, "माझं खोटं लोकांनी इतकं सांभाळून ठेवलंय हे मला माहीत नव्हतं." मी तीन वर्षांत त्यांना असं बघितलं नव्हतं, आणि माझा सगळा राग त्या पायरीवर निघून गेला.

नियमाप्रमाणे अजून एक गोष्ट राहिली होती. काकांनी उठून स्वतःच्या घराची बेल वाजवली. आत कुणी नव्हतं, किल्ली त्यांच्याच खिशात होती. तरी ते थोडा वेळ दारापुढे उभे राहिले. मग दार उघडून त्यांनी त्यामागचा खिळा बघितला.

रविवारी सकाळी फोन आला तेव्हा नीलूताई घरी होती, आत कपड्यांना इस्त्री करत होती. मी पोहे खायला खाली आले होते. स्पीकर नेहमीसारखा चालू होता आणि काकांनी तो बंद केला नाही.

"केली का हो चौकशी?" सांगलीच्या बाईंनी विचारलं.

"केली. घर चौकशीत उतरलं नाही."

आतली इस्त्री थांबली.

"म्हणजे?"

"शेजारी सगळे एकच सांगतात. जावई कॅनडात आहे. जावई कॅनडात नाही, तो कधीच गेला नव्हता. मुलीचा घटस्फोट झाला आहे आणि बापानं ते लपवून ठेवलं." काकांनी पाण्याचा घोट घेतला. "मुलीची काही चूक नव्हती. त्या वेळी चौकशी चुकली होती. मुलगी सोन्यासारखी आहे. घराकडे बघून तिला नाकारू नका."

बाई म्हणाल्या, "अहो काका, घटस्फोटाचं आम्हाला केव्हाच माहीत आहे. मुलीनं पहिल्या भेटीतच सगळं सांगितलं. आम्हाला विचारायचं होतं ते वडिलांचं. ती म्हणते, माझ्या बाबांना इतक्यात विचारू नका, ते कॅनडा सांगतील. इतकी वर्षं आपल्या मुलीला नसलेल्या नवऱ्याची बायको करून ठेवणारा माणूस कसा असेल हो? तुम्ही बघितलंत ना त्यांना?"

ताई दारात येऊन उभी राहिली होती. काकांना ती दिसत होती.

"बघितलं," ते म्हणाले. "भित्रा आहे. दुसऱ्यांच्या घरांना नावं ठेवत हिंडला आणि स्वतःच्या घरात मुलगी गुदमरतेय ते त्याला दिसलं नाही. वाईट नाही म्हणणार मी. पण त्याला रिस्पेक्टेबल म्हणता येणार नाही." मग त्यांनी चष्मा काढला. "बाई, तो बाप मीच."

नीलूताई पुढे आली आणि तिनं काकांच्या हातातून फोन घेतला. ती रडत होती, पण आवाज वर्गात बोलतात तसा होता. "काकू, मी नीलिमा. आमच्याकडे केव्हाही या. कळवायची गरज नाही, न सांगता या." एवढं बोलून तिनं फोन ठेवला आणि बापाच्या शेजारी बसली. काका तिला म्हणाले, "मला आधी सांगायचंस." ती म्हणाली, "तुम्हाला कुणी काही सांगू शकतं का, बाबा? तुम्ही लगेच चौकशीला निघता." मी पोह्यांची बशी घेऊन वर गेले.

सांगलीच्या बाई खरंच न सांगता आल्या. दोन-तीन आठवड्यांतच, मुलाला घेऊन, भर दुपारी. घरात केरसुणी मधोमध पडलेली होती आणि काका बनियनवर होते. लग्न साधंच झालं. काकांनी नंतर कुणाचीही चौकशी केली नाही, फोन आला तर सांगत, "मुलांना भेटू द्या. त्यांचं त्यांना कळतं." दोन हिवाळे ते एकटेच राहिले, मग नीलूताई त्यांना कानपूरला घेऊन गेली, आणि मागच्या थंडीत ते तिच्याच घरी वारले. माझी बदली तोवर पुण्याला झाली होती. फोनवर ताई म्हणाली, झोपेतच गेले, कुणाला काही त्रास नाही. मला रडू आवरेना. माझ्या वडिलांनंतर माझी इतकी कसून चौकशी कुणीच केली नव्हती.

मला ते आठवतात ते त्या फोनच्या रविवारचे. संध्याकाळी काकांनी खिळ्यावरचं मंगळसूत्र काढून कपाटात ठेवलं, मला सोबत घेऊन चौकातून पेढे आणले आणि म्हणाले, चल. या वेळी पिशवी नव्हती, पायात घरातल्याच चपला. आधी ते समोर श्रीवास्तव आंटींकडे गेले. आंटींनी दार उघडलं. काकांनी नमस्कार केला आणि उंबऱ्याबाहेरूनच, पाठ केल्यासारखं, बोलून टाकलं.

"भाभीजी, एक बात बतानी थी. नीलू का तलाक़ हो चुका है. पाँच साल हो गए. कनाडा-वनाडा कुछ नहीं था. मैंने सबसे झूठ बोला."

याच आंटींनी, मी राहायला आले त्या पहिल्या हिवाळ्यात, गच्चीवर पापड वाळत घालताना मला त्या घटस्फोटाची सगळी हकीकत सांगितली होती. कोर्टाच्या तारखांसकट.

आंटींनी हात छातीशी नेला. डोळे मोठे केले. "हाय राम! सच? हमें तो कुछ पता ही नहीं था!"

काका त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. जन्मभर त्यांनी माणसांची तोंडंच वाचली होती. त्यांना कळायचं ते कळलं. पेढ्यांचा खोका हातात वाकडा झाला. आंटींनी तिकडे बघितलंच नाही. त्यांनी आत जाऊन खुर्ची ओढली, पदरानं पुसली आणि म्हणाल्या, "आइए भाई साहब, बैठिए. शुरू से बताइए."

काका आत गेले, बसले, आणि त्यांनी सुरुवातीपासून सगळं सांगितलं.